पेरिनाचा तळहात

आमच्या पोर्ट लिंकनमध्ये माझ्या वयाच्या कितीतरी बायका पेरिना झुवेलानं शिवलेला झगा घालून लग्नाला उभ्या राहिल्या. माझी बायको कोरलसुद्धा. त्यामुळे पेरिना म्हटलं की गावाला कापड आठवतं, आणि तोंडात टाचण्या धरून "हलू नकोस" म्हणणारी बाई आठवते. मला मात्र ती आठवते एका मडगार्डासमोर उभी असलेली, हातात पांढरा सुती मोजा आणि डोळे मिटलेले.

मी लिंडसे. गाड्या रंगवणं हा माझा धंदा. पेरिनाचा नवरा येर्को गाड्यांचा चेपलेला, सडलेला पत्रा नीट करायचा. त्याच्या घराला लागून असलेल्या शेडच्या एका टोकाला माझी रंगाची खोली होती. त्यानं ठोकायचं आणि मी रंगवायचं, अशी आमची वर्षानुवर्षांची जोडी. येर्कोचे सगळे भाऊबंद ट्यूना मासे पकडणाऱ्या बोटींवर होते. तोही त्यासाठीच दूर देशातल्या आपल्या बेटावरून इथे आला होता, पण त्याला बोट लागायची. पहिल्याच खेपेला त्याची अशी दैना झाली की चुलतभावानं त्याला धक्क्यावर उतरवून सांगितलं, बाबा रे, तू जमिनीवरचं काहीतरी बघ. त्यानं पत्रा बघितला. समुद्राकाठच्या गावात गाड्या गंजायला वेळ लागत नाही, त्यामुळे कामाला तोटा नव्हता.

गावातल्या लोकांना 'येर्को' म्हणता यायचं नाही. ते त्याला जेरी म्हणायचे. फोनवर कुणी जेरीला बोलवा म्हटलं की पेरिना सरळ सांगायची, "इथे कुणी जेरी राहत नाही," आणि फोन ठेवून द्यायची. माणूस पुन्हा फोन करून नीट नाव घ्यायचा. अशा रीतीनं तिनं निम्म्या गावाला ते नाव शिकवलं.

ती इथे आली तेव्हा तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. येताना तिनं फक्त एक कात्री आणली होती. झगे शिवायचे तर माप बघायला बाईच्या घाटाचा पुतळा लागतो, आणि तो गावात मिळत नव्हता. येर्कोनं एका भंगार गाडीच्या टपाचा पत्रा कापला आणि पेरिनाला शेडमध्ये उभं करून, तिच्याच मापाची बाई पत्र्यातून घडवली. खांदे, छाती, कंबर, सगळं. कंबरेशी माप घ्यायला तीन वेळा चुकलो, असं तो सांगायचा. मुद्दाम चुकला, असं पेरिना सांगायची. त्या पत्र्याच्या बाईच्या अंगावर कोरलचा झगा चढलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

शेडमध्ये पेरिनाचं काम एवढंच की गाड्यांच्या गाद्या आणि टपाखालचं अस्तर शिवायचं. ते ती घरात बसून शिवायची, येर्को नेऊन बसवायचा. गाडीचा मालक आला की आतबाहेर बघून येर्कोचा हात हातात घ्यायचा. पेरिना स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. तिला त्यात काही वावगं वाटत होतं असं मला कधी दिसलं नाही. मलाही वाटलं नव्हतं.

वाइनसाठी द्राक्षं तुडवायच्या दिवसांत येर्कोला अर्धांगाचा झटका आला. मागच्या अंगणात पिंप भरून द्राक्षं होती, चुलतभाऊ जमले होते, आणि हा बोलता बोलता एका अंगानं खाली बसला. लवकर दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. हिवाळा सरेपर्यंत तो चालायला लागला, बोलायला लागला, उजव्या हातात हातोडीही धरायला लागला. आम्हाला वाटलं, झालं, सुटलो. आमच्याकडे हिवाळा ऑगस्टात सरतो; तेव्हा त्यानं शेड उघडली.

पत्र्याचं काम कसं असतं ते थोडं सांगायला हवं. उघड्या पत्र्यावर डोळ्याला काही दिसत नाही. चकाकी डोळ्याला फसवते. कुठे फुगलंय, कुठे खोल आहे, हे ठरवतो तळहात. कारागीर एका हातानं आतून लोखंडी ठोकळा लावतो, दुसऱ्या हातानं बाहेरून हातोडी मारतो, आणि दर चार ठोक्यांनी हातोडी ठेवून तळहात फिरवतो. ठोकणं त्या मानानं सोपं आहे. हात फिरवून काय कळलं, त्यात सगळी विद्या.

त्यानं दिलेला पहिला दरवाजा मी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा राखाडी थर, मारून तपासायला घेतला. आम्ही रंगारी प्रायमरवर काळ्या रंगाचा पातळ फवारा मारतो आणि वरून पॉलिश पेपर घासतो. पत्रा सपाट असेल तर काळं सगळीकडून सारखं निघून जातं. खोल असेल तिथे काळं तसंच राहतं. येर्कोच्या दरवाजावर कधी करंगळीएवढा डाग राहायचा नाही. त्या दिवशी दरवाजा बिबट्यासारखा ठिपक्याठिपक्यांचा झाला.

मी त्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, चार महिने रंग मारला नाहीस, तुझ्या हाताची सवय गेलीय. मी म्हटलं, रंग मी मारलाय, खड्डे मी केलेले नाहीत. तो दरवाजा उचलून परत घेऊन गेला. त्यानं तो पुन्हा केला. पुन्हा तेच झालं.

खरा प्रकार कळला तो पेरिनाला आणि मला एकाच वेळी. ती कॉफी घेऊन आली होती. येर्कोनं पत्र्यावरचा एक उंचवटा गॅसच्या ज्योतीनं तापवला होता. तापल्याची लाली उतरली होती, पण पत्रा अजून धगधगत असणार. आणि त्यानं सवयीनं उजवा तळहात त्याच्यावर ठेवला. ठेवला तो ठेवलाच. चेहऱ्यावर काही नाही. आधी आम्हाला वास आला. पेरिनानं ट्रे टाकून त्याचा हात ओढला आणि नळाखाली धरला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"तेव्हापासून," तो म्हणाला. "हलतो. पण आत कुणी राहत नाही."

डावा हात होता, पण तो उपयोगाचा नव्हता. आयुष्यभर आतून ठोकळा धरून, खालून दणके खाऊन त्याचं कातडं चामड्यासारखं झालं होतं. वजन कळायचं त्याला, पत्र्याची पाठ कळायची नाही. येर्कोनं भाजलेल्या हाताला पट्टी बांधून घेतली, हातोड्या पुसून फळीवर लावल्या आणि मला म्हणाला, लिंडसे, तुझी खोली तुला राहील, पण मी आता थांबलो. मी घरी जाऊन कोरलला सांगितलं.

त्यानंतर ग्लेनिस फिट्झनरची गाडी आली. ग्लेनिस कमिन्स गावाच्या बाजूची शेतकरीण, नवरा गेलेला, भावाच्या मदतीनं गहू करणारी. तिच्याकडे पन्नासच्या दशकातली एफजे होल्डन होती, गोल गोल घाटाची, गडद निळी. तिच्या नवऱ्यानं त्या गाडीच्या डिकीतून वर्षानुवर्षं खताच्या गोण्या वाहिल्या होत्या, त्यामुळे डिकीचा तळ खतानं खाऊन टाकला होता. तरी ती गाडी रोजच्या वापरात होती. आता संध्याकाळच्या वेळी रस्त्यात एक मोठा कांगारू आडवा आला आणि पुढचं उजवं मडगार्ड दिव्यासकट आत गेलं होतं. भावानं ट्रकवर घालून गाडी आणली.

येर्कोनं तिला सगळं स्पष्ट सांगितलं. हात गेलाय, मी काम करत नाही, ॲडलेडला कारागीर आहेत, नवं मडगार्डही मागवता येईल. ग्लेनिसनं ऐकून घेतलं.

"मागवलेलं माझ्या गाडीचं नसेल," ती म्हणाली. "ठेव इथेच. मला कुठे जायची घाई आहे?"

"ग्लेनिस, मी करू शकत नाही म्हणून सांगतोय."

"ऐकलं मी. मी बहिरी नाहीये. ठेव म्हटलं."

आणि ती भावाच्या ट्रकमध्ये बसून निघून गेली. गाडी शेडमध्ये तशीच उभी राहिली. येर्को शेडकडे पाठ करून घरात बसायचा.

नवरा दिवसभर घरात बसलेला पेरिनाला सोसवेना. तो तिच्या शिवणात डोकं घालायचा, टाके मोजायचा, भाजी जास्त शिजली म्हणायचा. एके दिवशी तिनं त्याला सांगितलं, शेडमध्ये जा आणि निदान डिकीचा तळ तरी बदल, तो सपाट आहे, त्याला हात लागत नाही, डोळे लागतात. ते त्याला पटलं. त्यानं सडलेला तळ कापून काढला, नवा पत्रा कापून बसवला, वेल्डिंग केलं. ते काम नजरेचं होतं, आणि ते नीट झालं. मडगार्डाचे बोल्ट काढून ते लाकडी घोडीवर ठेवेपर्यंत त्याचं काम पुढे गेलं. तिथे अडलं.

पेरिना आत आली ती हातात पातळ सुती मोजा घालून. पत्र्यावर हात फिरवताना येर्को असाच मोजा वापरायचा, म्हणजे घाम आड येत नाही आणि हात सरकतो. तिनं डोळे मिटले आणि मडगार्डाच्या पाठीवरून तळहात नेला.

"इथे फुगलंय," ती म्हणाली. "आणि इथे आत गेलंय. आणि हे इथे काय आहे, इथे झोल आहे."

"पत्र्याला झोल नसतो."

"मला झोल लागतोय. उरेब, तिरकं कापलेलं कापड ओघळतं ना, तसं. इथे जागेपेक्षा कापड जास्त आहे, येर्को."

येर्को उठून उभा राहिला. त्यानं अंगठ्यानं तिथे दाबलं. पत्रा टक् करून आत गेला, सोडल्यावर टक् करून बाहेर आला. मार खाऊन पत्रा तिथे खरोखरच ताणला गेला होता, जागेपेक्षा जास्त झाला होता. मी माझ्या खोलीतून बाहेर आलो होतो, तो आवाज मीही ऐकला.

"मग अशा जागी तू काय करतोस?" तिनं विचारलं.

"तापवतो, ठोकतो, ओल्या फडक्यानं थंड करतो. गोळा होतो तो."

"म्हणजे मुरवतोस," पेरिना म्हणाली. "बाही बसवताना मी जास्तीचं कापड चुणी न दिसता मुरवते, तेच."

येर्को हसला. झटक्यानंतर तो पहिल्यांदा हसलेला मी पाहिला.

त्या दिवसापासून तिचा हात आणि त्याची हातोडी, असं काम सुरू झालं. ती सांगायची, उंच, खोल, झोल. तो ठोकायचा. वाचताना हे छान वाटत असेल. तिथे उभं राहून ऐकणं म्हणजे शिक्षा होती. दोघांची भांडणं चालायची ती त्यांच्या भाषेत, आणि मधूनच माझी साक्ष काढायची असली की माझ्या भाषेत. ती म्हणायची अजून उंच आहे, तो म्हणायचा काही उंच नाही, तुझा हात जड पडतोय. ती म्हणायची, माझ्या हाताखालून साटिन गेलंय, तुझं डबडं काय घेऊन बसलास. मी रंगाच्या खोलीचं दार लावून घ्यायचो.

मडगार्डाची मागची खालची कड चिखलानं सडली होती, ती नवीनच घडवावी लागणार होती. येर्को असा तुकडा हातानं चाचपत, अदमासानं घडवायचा. आता चाचपणं गेलं. पेरिनानं घरून झग्याचे आराखडे काढायचा कागद आणला. डाव्या बाजूचं मडगार्ड धड होतं. त्याच्यावर तिनं कागद पसरला, लोहचुंबकांनी धरला आणि बोटांनी दाबत बसवला. जिथे कागद फाटायला बघायचा तिथे तिनं कात्रीनं चीर दिली. जिथे तो गोळा व्हायचा तिथे दुमड घालून खूण केली. मग कागद सोडवला, उलटा केला आणि उजव्या बाजूचा तुकडा म्हणून येर्कोपुढे ठेवला.

"चीर आहे तिथे पत्रा ताण," ती म्हणाली. "दुमड आहे तिथे मुरव."

येर्कोनं तो कागद खिडकीच्या उजेडात धरून उलटसुलट बघितला. मग मला म्हणाला, बायको इतकी वर्षं भिंतीपलीकडे बसून माझंच काम करत होती, आणि मला वाटत होतं ती झगे शिवते.

पण अभिमान काही एका दिवसात जात नाही. नवा तुकडा घडला, वेल्डिंगनं जोडला, आणि जोडाच्या रेषेवर शेवटचं ठोकून काढणं राहिलं. तिथे पेरिना पुन्हा पुन्हा सांगत होती, उंच आहे, अजून उंच आहे. येर्को दमला होता. त्यानं हात उचलला आणि मनातला सगळा राग एका ठोक्यात उतरवला. जोडाला तडा गेला. त्यानं हातोडी खाली ठेवली, टोपी घेतली आणि म्हणाला, हात माझा नाही, काम माझं नाही, मग मी इथे कशाला? तो धक्क्यावर चुलतभावाच्या बोटीवर जाऊन बसला. ज्याला नांगरलेल्या बोटीतही मळमळतं तो माणूस तिथे जाऊन बसला, यावरून समजा.

पेरिनानं त्याची हातोडी उचलली. मी म्हटलं, पेरिना, राहू दे, तो येईल, वेल्डिंग करेल. ती म्हणाली, "तू तुझा रंग बघ." आणि तिनं मटण तोडावं तशी हातोडी चालवली. थोड्याच वेळात जोडाच्या दोन्ही बाजूंना हातोडीच्या कडेच्या अर्ध्या अर्ध्या चंद्रकोरी उमटल्या. होतं त्यापेक्षा वाईट झालं. तिला ते हाताला कळलंच असणार. तिनं हातोडी पुसून जागेवर लावली आणि घरात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी येर्को आला तेव्हा मी माझ्या दारात होतो. त्यानं मडगार्ड पाहिलं. पेरिना त्याच्या मागून आली.

"हे कुणी केलं?" त्यानं विचारलं.

"मांजरानं," ती म्हणाली.

मला वाटलं आता आकाश कोसळतं. येर्कोनं चंद्रकोरींवर नजर फिरवली. मग त्यानं छोटी हातोडी काढून तिच्या हातात दिली आणि तिच्या मागे उभा राहून, त्याच्या त्या मुक्या हातानं तिची मूठ सैल केली.

"कात्री धरतेस तशी नाही," तो म्हणाला. "सुई धरतेस तशी. घट्ट धरू नकोस, ती आपली आपण उडते. तिला उडू दे."

तिनं मारलं. तो म्हणाला, हलकं. तिनं पुन्हा मारलं. तो म्हणाला, आता आवाज ऐक, ठोकळा नेमका खाली असला की टण् वाजतं, सरकला की ठप्प. मी माझं काम सोडून ऐकत राहिलो. तिचा आवाज सुरुवातीला ठप्प होता, मग मधूनमधून टण्, आणि जेवायच्या वेळेपर्यंत बरेचसे टण्. तडा त्यानं स्वतः वेल्डिंग करून भरला. चंद्रकोरी तिनं स्वतः एकेक करून काढल्या, त्याला आठवडे लागले. ठोकणारी ती, हात फिरवणारी ती, आणि तो शेजारी स्टुलावर बसून शिकवणारा. भांडणं थांबली नाहीत. फक्त आता तो म्हणायचा उंच असेल, बघ, आणि ती म्हणायची नाहीये, मला कळतंय.

मडगार्ड माझ्याकडे आलं तेव्हा दोघं माझ्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. मी त्यांना जा म्हटलं, ती गेली नाहीत. मी प्रायमर मारला, वाळवला, काळा फवारा मारला आणि पाण्यानं पॉलिश पेपर फिरवायला लागलो. निळा गडद रंग काही लपवत नाही, पत्र्यातलं राईएवढं वैगुण्य त्यावर उन्हात लाट होऊन दिसतं. म्हणून मी जपून घासत होतो. काळं निघत गेलं, खालून राखाडी येत गेलं. जोडाच्या रेषेवर आलो तेव्हा माझा हात जरा थबकला. तिथलंही निघालं. सगळं मडगार्ड राखाडी झालं, डाग राहिला नाही. खड्डे बुजवायच्या पुट्टीचा डबा मी उघडलासुद्धा नव्हता.

मी मागे वळून म्हटलं, "झालं."

पेरिनानं येर्कोकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. एवढंच. ती घरात गेली आणि त्या दिवशी दुपारी तिनं इतके गोड वडे तळले की आम्हाला ते शेजाऱ्यांना वाटावे लागले.

ग्लेनिस आणि तिचा भाऊ गाडी न्यायला आले तो रविवार होता. ग्लेनिसनं मेंढीचा अख्खा मागचा पाय आणि अंडी आणली होती. निळी गाडी उन्हात उभी होती. भाऊ तिच्याभोवती एक चक्कर मारून आला, मग दुसरी.

"कांगारू कुठल्या बाजूला लागला होता?" त्यानं विचारलं. गाडी ट्रकवर त्यानंच चढवली होती.

ग्लेनिसनं गाडीच्या नाकावर हात ठेवला आणि ठेवून राहिली. ती गाडी तिच्या नवऱ्याची होती, एवढं आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी काही विचारलं नाही.

मागच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली जेवण होतं. निखाऱ्यावर भाजलेले मासे, बटाट्यात शिजवलेली पालेभाजी, येर्कोची घरची वाइन. मी आणि कोरल होतो. ग्लेनिसनं पेला उचलला आणि येर्कोचे आभार मानायला सुरुवात केली. येर्कोनं तिला थांबवलं.

"इतकी वर्षं लोक माझे आभार मानत आले," तो म्हणाला. "टपाखालचं अस्तर हिनं शिवलं, गाद्या हिनं शिवल्या, आणि लोकांनी हात माझा धरला. मी कधी म्हटलं नाही की हे माझ्या बायकोचं आहे. हे मडगार्ड हिनं केलंय. मी नुसता बसून बोलत होतो. तर आभार तिकडे मान."

आणि मग तो स्वतःच पेरिनाकडे वळला आणि त्यांच्या भाषेत एक शब्द म्हणाला. त्यांच्या बरोबर इतकी वर्षं राहून तो शब्द मला कळतो. धन्यवाद, एवढाच त्याचा अर्थ. पण नवरा-बायकोत तो कुणी वापरताना मी ऐकला नव्हता.

पेरिना पाव आणते म्हणून उठली. टेबलावर पाव भरपूर होता. बराच वेळ झाला तशी कोरल आत गेली. पेरिना मोरीशी उभी होती आणि नळ चालू होता. कोरल तिच्या शेजारी नुसती उभी राहिली. मग दोघी पाव घेऊन बाहेर आल्या.

त्या दिवसानंतर गावात बातमी पसरली, आणि पेरिनानं पुढे एकही लग्नाचा झगा शिवायला घेतला नाही. मुली रुसल्या. तिचं उत्तर एकच, मला वेळ नाही, माझ्याकडे गाड्या आहेत. गल्लीतली पोरं तिला तेता म्हणायची, म्हणजे मावशी. आता ती पोरं शेडच्या दारात येऊन म्हणायची, तेता, ठोकून दाखव. पेरिना दाखवायची.

एकदोन वर्षांनी एके सकाळी येर्को हात धूत असताना ओरडला. आम्ही धावलो. पाणी गार आहे, असं तो सांगत होता. अंगठा आणि शेजारच्या बोटाला गार लागत होतं. पुढच्या काही महिन्यांत त्याला त्या दोन बोटांनी बरंच कळायला लागलं, पत्र्याची पाठसुद्धा. तो काही लपवणारा माणूस नव्हता, त्यानं पेरिनाला लगेच सांगितलं. तिनं मोजा काढून बाकावर ठेवला.

"बरं झालं," ती म्हणाली. "मग मी आता माझ्या मशीनकडे जाते."

"कुणी जा म्हटलं?" येर्को म्हणाला. "दोन बोटं आलीत, पंजा नाही आला. चल, हा दरवाजा बघ."

पंजा पुढे जवळजवळ पूर्ण आला, हे मला माहीत आहे, कारण तो माझ्याशी पत्ते खेळायचा आणि अंगठ्यानं पत्त्याची कड चाचपून लबाडी करायचा. तरी शेवटपर्यंत तो प्रत्येक पत्रा आधी तिच्या हाताखाली सरकवायचा. ती सांगेल ते धरून चालायचा. मी एकदा त्याला यावरून छेडलं. तो म्हणाला, तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, लिंडसे, मी काय करू.

येर्को जाऊन आता बरीच वर्षं झाली. झोपेत गेला, त्रास न होता. त्यानंतरही पेरिनानं काही वर्षं शेड चालवली, लहान लहान कामं घेतली, आणि मी रंगवत गेलो. मग माझी छाती रंगाच्या वाफांनी धरायला लागली आणि तिचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा दोघांनी एकाच महिन्यात बंद केलं. ग्लेनिस आहे अजून. ती निळी गाडी घेऊन गावात येते, आणि मी तिच्याकडे बघतो तेव्हा मला वाटतं, माझ्या हातून जे चांगलं काम झालं ते या दोघांनी चांगला पत्रा दिला म्हणून झालं. रंगाऱ्याला हे मान्य करायला जड जातं, पण खरं ते खरं.

रविवारी मी पेरिनाकडे जातो. ऐंशी उलटलीत तिची. परवा मी तिला सहज म्हणालो की त्या दिवसांत तू नसतीस तर येर्को खचून मेला असता. ती मासे साफ करत होती. सुरी थांबवून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"सगळे तेच म्हणतात, मी त्याला हात दिला," ती म्हणाली. "मी पंचावन्नची होते, लिंडसे. त्या वयाच्या बाईला कोण नवीन काम शिकवतं? त्यानं शिकवलं. न ओरडता. तीस वर्षं मी भिंतीपलीकडून ती ठकठक ऐकत होते, मला वाटायचं नुसता आवाज आहे. तो दिवसभर कुठे असायचा ते मला तेव्हा कळलं. फार चांगली जागा होती ती."

मग तिनं साफ केलेल्या माशांतले चार मोठे वेगळे काढले, कागदात बांधले आणि कोरलसाठी माझ्या हातात दिले.